मुक्काम गिरगाव, डाव दादरला

शुक्रवार

महालक्ष्मी एक्सप्रेसच्या आमच्या डब्यात बुद्धिबळाचे दोन मॅग्नेटिक पट आधीच उघडलेले होते. सव्वीस जानेवारीला जोडून आलेली सुट्टी आणि दादरला अठराशेच्या आतल्या रेटिंगवाल्यांची (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) स्पर्धा, त्यामुळे कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर इकडची पोरं झाडून याच गाडीला होती. आम्ही सांगलीला चढलो तर आमच्याच बर्थवर एक डाव ऐन रंगात आलेला. "दोन मिनिटं काका, माझ्याकडे फक्त चाळीस सेकंद उरलेत," असं एका चष्मेवाल्या मुलानं वर न बघता सांगितलं. भाची पाठीवरची सॅक न काढताच काळ्याच्या बाजूनं उभी राहिली. ती आठवीत आहे, आणि दुसऱ्याच्या डावात तोंड घालायचं नाही एवढं शहाणपण तिला बुद्धिबळानं दिलंय. घरात मात्र त्याचा मागमूस नसतो.

सांगलीकरांना बुद्धिबळाचं जरा जास्तच असतं हे मान्य. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून पोरं घडवली. त्यांच्या हाताखालून गेलेली भाग्यश्री साठे, पुढची भाग्यश्री ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेती झाली. आमच्या पिढीला हे पाठ आहे. भाचीच्या पिढीला पाठ आहे ते रेटिंगचं गणित. मार्च २०२४ मध्ये फिडेनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघानं, सगळ्यात खालची पायरी एक हजारावरून चौदाशेवर नेली आणि दोन हजारांच्या आतल्या सगळ्यांना वर ढकललं: दोन हजारांतून आपलं रेटिंग वजा करायचं, उरेल त्याचे चाळीस टक्के आपल्यात मिळवायचे. भाची तेव्हा साडेअकराशेच्या आसपास होती, एका रात्रीत चौदाशे नव्वदवर गेली. कुणाला न हरवता तीनशे चाळीस गुण! त्या आठवड्यात तिनं शाळेत पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आता ते गुण राखायचे म्हणजे मेहनत आली.

चष्मेवाला हरला आणि बर्थ मोकळा झाला. झोपायच्या आधी भाचीनं मोबाइलवर दिव्या देशमुखचा, जॉर्जियात बटुमीला झालेल्या महिला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीतला डाव लावला, चीनच्या तान झोंगयीविरुद्धचा, एकशे एक चालींचा. तान ही माजी जगज्जेती. साताऱ्यापर्यंत आमची साठावी चाल झाली होती. मग मी झोपलो. ती कधी झोपली माहीत नाही.

शनिवार

सीएसएमटीवरून टॅक्सीनं गिरगावात आत्याकडे. अंघोळ, पोहे, आणि "एवढ्या लांब सोंगट्या हलवायला आलात?" हा आत्याचा दरवेळचा प्रश्न. गिरगावहून दादरला जायला आता भुयारी मेट्रो आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि चर्नी रोडच्या जिन्यावरची धक्काबुक्की टळली. मला ती टळल्याचं थोडं वाईटच वाटलं, पण भाचीच्या हातात पाण्याची बाटली, डबा, पेनं, स्वेटर असा संसार होता, तेव्हा बरंच झालं.

स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात होती. दारात कापडी पिशव्या, पिशवीवर नंबर. मोबाइल आणि घड्याळ त्यात टाकायचं, मग मेटल डिटेक्टर अंगावरून फिरवून घ्यायचा. आठ वर्षांचं पोरगंसुद्धा सराईतासारखे हात पसरून उभं राहतं. सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजीत झाल्या: प्रत्येकाला एक तास, शिवाय दर चालीला तीस सेकंद, चाल लिहिल्याशिवाय पुढची खेळायची नाही, हात लावाल ती सोंगटी हलवावीच लागेल. मग मुख्य पंचांनी "काळ्यांनी घड्याळ सुरू करा" म्हटलं आणि पालकांना बाहेर काढलं.

पालकांची स्पर्धा असते ती बाहेर, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर. तिथं सगळेच मोठे खेळाडू. विषय निघाला गोव्याच्या विश्वचषकाचा. नोव्हेंबरात एवढी मोठी स्पर्धा आपल्या दारात झाली, दोनशेहून जास्त खेळाडू, आणि आपला जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून बाद! अर्जुन एरिगैसी उपांत्यपूर्व फेरीत वेई यीकडून गेला, आणि चषक नेला उझबेकिस्तानच्या जावोखिर सिंदारोवनं. वय एकोणीस. चषकाला नाव विश्वनाथन आनंदचं, तो गेला ताश्कंदला, याचं दुःख एका गृहस्थांना इतकं झालं की त्यांनी दुसरा कटिंग मागवला.

त्यांचंच पुढचं वाक्य मला झोंबलं. म्हणाले, "अहो, गुकेशचं सोडा, तो डिंगच्या मेहेरबानीवर जगज्जेता झाला. तो हत्ती तसा माझ्या मुलानंही खेळला नसता."

हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर तयार असतं. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा आणि शेवटचा डाव, दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण. बरोबरी झाली असती तर दुसऱ्या दिवशी जलद डावांनी निकाल. तोवरचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन, त्याच्याकडे पांढऱ्या सोंगट्या. गुकेशचं एक प्यादं जास्त, दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट. असले डाव शंभरातले नव्वद बरोबरीत सुटतात. पंचावन्नाव्या चालीला डिंगनं हत्ती एफ-टूला (एफ ही उभी पट्टी, टू ही आडवी ओळ; घरांची नावं अशीच) आणला: घे हत्तीला हत्ती. गुकेशनं घेतला, आणि मग आपला उंट डी-फाइव्हला डिंगच्या उंटासमोर आणून ठेवला. डिंगचा उंट होता ए-एटच्या कोपऱ्यात. तिथून त्याला एकच तिरकी वाट, आणि तीच आता अडवलेली. म्हणजे उंटही गेले. राहिले दोन राजे, गुकेशची दोन प्यादी आणि डिंगचं एक. हा डाव सांगलीतलं नवशिकं पोरही जिंकेल. अठ्ठावन्नाव्या चालीला डिंगनं डाव सोडला.

टपरीवरच्या गृहस्थांना हे सगळं माहीत होतं. त्यांना ते दिसलंही होतं, कारण त्यांच्या स्क्रीनच्या कडेला ती पांढरी-काळी पट्टी होती, कोण वरचढ आहे ते संगणकाच्या हिशेबानं दाखवणारी. डिंगनं हत्ती सोडल्याबरोबर पट्टी सरसर काळी झाली. पट्टी बोंब मारते की इथं काहीतरी घडलंय, शोधा. मग कुणालाही सापडतं. पटावर कोण बोंब मारतो? गुकेशनंच नंतर सांगितलं की डिंगनं हत्ती ठेवला तेव्हा पहिल्या क्षणी त्यालाही ते दिसलं नव्हतं, तो दुसरीच चाल करायला निघाला होता. जगज्जेतेपदाला हात टेकलेल्या मुलाला क्षणभर दिसलं नाही, आणि आम्हाला दादरच्या टपरीवर चहा पिता पिता दिसतं! तीन आठवडे एकमेकांसमोर बसलेली माणसं, त्या दिवसाचे चार-एक तास झालेले, डिंगचं घड्याळ आटत आलेलं. तो उंट कोपऱ्यात नसता तर हत्तींची अदलाबदल चालून गेली असती. म्हणजे चूक एका चालीची नव्हतीच, दोन साध्या दिसणाऱ्या गोष्टी एकत्र आल्या होत्या.

गृहस्थ म्हणाले, "तुम्ही डिंगचे नातेवाईक का?" मी चहाचे पैसे दिले.

भाचीचे पहिल्या दिवशीचे डाव: एक जिंकला, एक बरोबरी, एक जिंकला. अडीच गुण. परत येताना मेट्रोत ती उभ्या उभ्या झोपली.

रविवार

सकाळच्या फेरीची पेअरिंग, म्हणजे कुणाचा डाव कुणाशी ते, लागली तेव्हा भाची यादीपाशी जरा थबकली. समोरच्या नावापुढे टीप होती. पंचांनी तिला बाजूला घेऊन समजावलं: तुझे प्रतिस्पर्धी दृष्टिहीन आहेत, ते त्यांच्या पटावर खेळतील, तू तुझ्या. दोघांनीही आपली चाल मोठ्यानं म्हणायची.

ही फेरी पालकांना दोरीपलीकडून बघता आली, आणि त्यांचं टेबल दोरीलगतच होतं. चाळिशीतले गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांच्या पटावर काळी घरं पांढऱ्यापेक्षा जराशी उंच, प्रत्येक घराच्या मधोमध भोक, प्रत्येक सोंगटीच्या तळाला खुंटी. काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर बारीक टोक, हाताला रंग कळावा म्हणून. डाव सुरू व्हायच्या आधी त्यांनी पहिल्या ओळीपासून आठव्या ओळीपर्यंत बोटं फिरवून सगळं जागेवर आहे ना ते पाहिलं, आणि मग हात मांडीवर घेतले.

"ई फोर," भाची म्हणाली. आवाज घशातच राहिला.

"जरा मोठ्यानं, बाळा. ई फोर ना? सी सिक्स."

कॅरो कान. भाचीचा चेहरा खुलला, हे ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीची ही पद्धत, तिनं खूप घोटलंय. घरांची नावं ऐकताना घोळ होऊ नये म्हणून फिडेच्या नियमात ए ते एच या उभ्या पट्ट्यांना, म्हणजे फाइलना, माणसांची नावं दिलेली आहेत: अॅना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. इथं ती कुणी वापरली नाहीत. बी आणि डीमध्ये गोंधळ व्हायचा तिथं गृहस्थ "बी, बटाट्याचा" म्हणत आणि शेजारच्या टेबलावरचं पोरगं खुदकन हसे.

बघण्यासारखी होती ती त्यांची बोटं. विचार करताना ती पटावर सतत फिरत होती, स्वतःच्या सोंगट्यांवर, भाचीच्या सोंगट्यांवर. आपल्या पटावर असं केलं तर पहिल्याच मिनिटाला पंच बोलवावा लागेल. त्यांच्यासाठी नियम वेगळा: सोंगटी भोकातून पूर्ण उपसली तरच हात लागला असं धरायचं. विसाव्या चालीच्या सुमाराला त्यांची दोन बोटं घोड्याच्या मानेवर बराच वेळ होती. खुंटी किंचित वर आली, तिचा पांढुरका भाग दिसला. भाची श्वास रोखून त्या खुंटीकडे बघत होती, कारण तो घोडा हलला असता तर तिचा वजीर आत घुसणार होता. खुंटी परत खाली गेली. "हत्ती डी एट," ते शांतपणे म्हणाले, आणि मग कुठं हत्ती उचलला.

पुढे सोंगट्या कापल्या गेल्या, हत्तींचा अंत आला (म्हणजे डावाच्या शेवटी पटावर राजे, हत्ती आणि प्यादी एवढंच उरलं), भाचीचं एक प्यादं कमी. त्यातही बरोबरी होती म्हणे. पण तिनं आपला हत्ती त्या एका प्याद्याच्या राखणीला मागे बांधून ठेवला आणि तो तिथंच अडकला. तिच्या घड्याळात दोन मिनिटं, त्यांच्या घड्याळात सव्वीस. वेळ त्यांना कानातल्या एका इअरफोनवर कळत होती. अडतिसाव्या चालीला त्यांचा राजा पुढे आला, बेचाळिसाव्याला भाचीनं हात पुढे केला आणि मग लक्षात आल्यावर "सर, मी डाव सोडते" असं म्हणाली.

नंतर दोघं बाहेरच्या व्हरांड्यात बसली. पट नव्हता. त्यांनी पूर्ण डाव तोंडी म्हणून दाखवला, आणि मध्येच थांबून म्हणाले, "अठराव्या चालीला घोडा एफ-फाइव्हला का नाही टाकलास? मी प्याद्यानं मारला असता तर ई-फाइल उघडली असती. मला तिथं घाम फुटला होता." भाची म्हणाली, मला तो दिसलाच नाही. "मलाही काही दिसत नाही," ते म्हणाले, "हाताला लागला." ती आधी घाबरली, मग तेच हसले तेव्हा हसली. जाताना सांगितलं, "हरायला आलेला हत्तीसुद्धा मोकळा ठेवायचा. बसवलास की मेला."

दृष्टिहीन खेळाडूंची अखिल भारतीय संघटना मुंबईतल्याच चारुदत्त जाधवांनी उभी केली. स्वतः जाधव दृष्टिहीन आणि उत्तम खेळाडू. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत दर्पण इनानीनं सुवर्णपदक आणलं तेव्हा वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या होत्या. मी तरी त्या चारच वाचल्या. रात्री भाचीनं इंजिनला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रामला, अठरावी चाल विचारली. घोडा एफ-फाइव्ह, पहिल्या पसंतीची. व्हरांड्यातल्या गृहस्थांना पट्टीची गरज पडली नव्हती.

उरलेल्या दोन डावांतून दीड गुण आला. संध्याकाळी दादरहून लवकर सुटलो, म्हणून आत्याला घेऊन गिरगावात चक्कर मारली. खाडिलकर रोडवरून जाताना मी भाचीला सांगायला लागलो, तर आत्यानं विषयच हातात घेतला. हे खाडिलकर मूळ आपल्या सांगलीचे, नाटककार कृष्णाजी प्रभाकर. त्यांनी १९२३ मध्ये ‘नवाकाळ’ काढला. त्यांचे नातू नीळकंठ खाडिलकर, आणि त्यांच्या तीन मुली वासंती, जयश्री, रोहिणी. १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा झाली ती वासंतीनं जिंकली, आणि पुढची कितीतरी वर्षं विजेतेपद या घराबाहेर फारसं गेलंच नाही. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. पुरुषांत बाई खेळते म्हणून गहजब झाला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटी फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युव्हे यांनी निकाल दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून बाईला अडवता येणार नाही.

"आम्ही चाळीत तेवढंच बोलायचो तेव्हा," आत्या म्हणाली. "कोण जिंकलं ते नव्हे हो. तिनं कुणाकुणाला हरवलं ते."

भाचीनं विचारलं, मग दिव्या पुरुषांत का खेळत नाही? खेळते की, ओपनमध्ये, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या स्पर्धांत, कितीदा खेळते. पण बटुमीतला जुलै २०२५ चा महिला विश्वचषक मला त्यापेक्षा मोठा वाटतो, आणि नागपूरची आहे म्हणून नव्हे. (थोडं म्हणूनही.) पंधरावं मानांकन, आणि ग्रँडमास्टर या सगळ्यात मोठ्या किताबासाठी लागणारा एकही नॉर्म (ठरलेल्या दर्जाची स्पर्धेतली कामगिरी) नाही. वाटेत झू जिनर, हरिका, तान झोंगयी. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी. हम्पी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली, दिव्या जन्मली २००५ च्या डिसेंबरात! पहिले दोन डाव बरोबरीत, मग जलद डाव. पहिला बरोबरीत, दुसऱ्यात काळ्या सोंगट्या घेऊन दिव्या जिंकली आणि विश्वचषकासोबत थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची अठ्ठ्याऐंशीवी. हम्पी वेळेच्या कचाट्यात सापडली, तिचाही हात चुकला. त्या रात्रीही पट्टीकडे बघून हम्पीला शिकवणारे कमी नव्हते. सात महिन्यांपूर्वीच न्यूयॉर्कमध्ये ती दुसऱ्यांदा जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली होती, हे त्यांच्या गावी नव्हतं.

रॉयल ऑपेरा हाऊसच्या समोर थोडा वेळ थांबलो. डिसेंबरात इथं ग्लोबल चेस लीगचा तिसरा हंगाम झाला. आनंद, गुकेश, कारुआना, फिरोजा, आपला नाशिकचा विदित, सगळे त्या रंगमंचावर. संघात सहा खेळाडू, त्यात दोन महिला आणि एक तरुण. पांढऱ्यानं जिंकलात तर तीन गुण, काळ्यानं चार, बरोबरीला एकच. ही गुणपद्धत मला मनापासून आवडते; काळं घेऊन बरोबरीसाठी खुरडत बसणाऱ्यांना चांगली चपराक. तेव्हा भाचीची सहामाही चालू होती आणि माझी रजा शिल्लक नव्हती, म्हणून आम्ही सांगलीत बसून मोबाइलवर पाहिलं. आता बंद दारावरची नक्षी पाहिली. आत्याला मात्र इथं पूर्वी पाहिलेले सिनेमे आठवले आणि पुढचा अर्धा तास त्याचाच झाला.

सोमवार

शाळेत झेंडावंदन असल्यामुळे फेरी उशिरा. सगळी पोरं रांगेत, हातात लाडूचं पाकीट. पंचही उभे.

सातवी फेरी भाचीनं सहज जिंकली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, समोरच्यानं बाराव्या चालीला वजीर घालवला.

आठव्या, शेवटच्या फेरीला समोर कांदिवलीचा आठ वर्षांचा मुलगा. खुर्चीवर उशी, तिच्यावर गुडघे टेकून बसलेला. चाल केली की उठायचा, सगळ्या टेबलांवरून फेरी मारून यायचा, उभ्या उभ्याच उत्तर द्यायचा. भाची पंचवीस मिनिटं विचार करायची, हा पंचवीस सेकंद. आणि तरी त्याचा डाव बरा होता. हत्तींचाच अंत आला, या वेळी प्यादं कमी त्या मुलाचं. भाचीनं एकदा हत्ती मागे नेण्यासाठी हात उचलला, पटावर अर्ध्यावर थांबवला आणि मांडीवर परत घेतला. मग तोच हत्ती सातव्या ओळीत घातला. पोरगं फेरी मारून आलं, पटाकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच खाली बसलं.

एकावन्नाव्या चालीला जिंकली. पोरानं हात मिळवला, सही केली, आणि दाराबाहेर जाईपर्यंत दम धरला. बाहेर वडील होते. "प्यादं कशाला दिलंस? रात्री काय सांगितलं होतं मी?" जिन्यात सगळ्यांसमोर. मला बोलायचं होतं, पण तेवढ्यात त्या मुलाच्या आईनं पाण्याची बाटली पोराच्या हातात आणि मोबाइल नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्ही खेळून दाखवा आधी." वडील गप्प. जिन्यातल्या निम्म्या आया हसल्या.

आठांतून सहा गुण. मुलींत भाची दुसरी, करंडक आणि पंधराशे रुपयांचं पाकीट. दृष्टिहीन गृहस्थांचेही सहाच, पण त्यांचे प्रतिस्पर्धी जास्त तगडे निघाल्यामुळे टाय-ब्रेकवर ते चार जागा पुढे. बक्षीस घ्यायला जाताना त्यांनी भाचीला आवाजावरून ओळखलं. "शेवटचा डाव कसा झाला?"

"हत्तींचा अंत होता सर. जिंकले."

"फिरता ठेवलास?"

"सातव्या ओळीत."

"कितव्या चालीला?"

तिनं सांगितलं. मग ती दोघं तिथंच, बक्षिसाच्या रांगेत, चाळिसाव्या चालीपासून तो डाव तोंडी खेळायला लागली आणि मागच्या पोरांना पुढे जायला सांगू लागली.